उजवीकडच्या खुर्चीतला माणूस

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात विमान दिसते ते आकाशात खूप उंच, मागे पांढरी रेघ ओढत जाणारे. त्यामुळे रक्तदाब तपासून घ्यायला आलेल्या घाटाखालच्या एका तरुणाने ‘व्यवसाय काय?’ या प्रश्नाला ‘विमान चालवायला शिकवतो’ असे उत्तर दिले, तेव्हा आमच्या कंपाउंडरने केसपेपर लिहायचे थांबवून वर पाहिले. खरे सांगायचे तर मीही पाहिले.

मुलगा शेतकऱ्याच्या घरचा. कर्ज काढून शिकला. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते, ते पूर्ण झाले आणि मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशातली प्रवासी विमाने जमिनीवर आली. दोन महिन्यांनी ती पुन्हा उडू लागली, पण नव्या पोरांना विचारतो कोण? मग त्याने प्रशिक्षकाचा परवाना काढला. या व्यवसायात पुष्कळ जण शिकवण्याकडे एस.टी.च्या थांब्यासारखे पाहतात. उड्डाणाचे तास जमा करायचे आणि मोठ्या कंपनीची गाडी आली की चढायचे. दोन वर्षांनी याचीही गाडी आली. हा चढला नाही. घरचे अजून रुसलेले आहेत.

‘का रे बाबा?’ मी विचारले.

त्याने जे सांगितले ते असे. शिकवण्याच्या लहान विमानात दोन खुर्च्या शेजारी शेजारी असतात आणि दोघांपुढे चालवण्याची साधने असतात. विद्यार्थी डावीकडे, गुरुजी उजवीकडे. विद्यार्थी चुकू लागला की गुरुजींनी लगेच हात घालायचा नाही. फार लवकर घातला तर तो कधीच शिकत नाही, फार उशिरा घातला तर शिकायला कोणी उरत नाही. घालायचाच झाला तर ‘आय हॅव कंट्रोल’ असे स्पष्ट बोलून घालायचा, म्हणजे विमान कोणाच्या हाती आहे याचा घोळ होत नाही. मग एके दिवशी दोन-तीन वेळा विमान नीट टेकले की गुरुजी खाली उतरतात, दार लावतात आणि म्हणतात, ‘जा, एक फेरी एकटा मारून ये.’

‘डॉक्टरसाहेब, ती पाच-सात मिनिटे धावपट्टीच्या कडेला उभा असतो. माझ्या हातात काही नसते. तो नीट उतरला की जे वाटते ते पगारात मोजता येत नाही.’

जे.आर.डी. टाटा मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातला १ क्रमांकाचा परवाना मिळाला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. त्यांच्या शेजारी बसून शिकवले कोणी, हे किती जणांना सांगता येईल? आपल्या विदर्भात नागपूरचा फ्लाइंग क्लब १९४७ पासूनचा. गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण संस्था निघाली. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे उजवीकडच्या खुर्चीत बसणारी माणसे आता लागणारच.

हा आरोग्याचा स्तंभ आहे, हे मी विसरलेलो नाही. लंडनच्या सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. वाटले होते, मोठ्या साहेबांना हृदयविकार जास्त असेल. निघाले उलटे. सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचे मृत्यूचे प्रमाण वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट होते, आणि केवळ विडी-सिगारेट व रक्तदाब यांनी त्याचा पूर्ण उलगडा होत नव्हता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसले की ज्याला आपल्या कामात स्वतःच्या निर्णयाला जागा नाही, त्याला हृदयविकाराचा धोका अधिक. या मुलाच्या कामात जोखीम आहे, पण निर्णय त्याचा आहे आणि केलेल्या कामाचे फळ डोळ्यांसमोर उतरते. झोप शांत लागते म्हणाला. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पगारदारांना ती गोळी घेऊनही लागत नाही.

पण समाधानाने मीठ कमी होत नाही! त्याचा रक्तदाब १४८/९४ भरला. गावी आला की ठेचा, लोणचे, पापड तिन्ही ताटात. त्यात उन्हाळ्यात हवा तापून विमान हिंदकळू नये म्हणून उड्डाणे भल्या पहाटे, म्हणजे पोटात फक्त चहा. वर लघवीची सोय नाही म्हणून पाणी पीत नाही. हे मला रक्तदाबापेक्षा जास्त टोचले. हा खारपाणपट्ट्यातला, तिथल्या लोकांना मूत्रपिंडाच्या तक्रारी नव्या नाहीत. वैमानिकाला मुतखडा झाला तर तो निघेपर्यंत उड्डाण बंद. दोन उड्डाणांच्या मध्ये जमिनीवर असताना पाणी प्यायचे, लघवी पिवळी दिसता कामा नये, असे बजावले.

रक्तदाबाची गोळी मी लगेच लिहिली नाही. एकदाच, तेही डॉक्टरसमोर मोजलेल्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. शिवाय वैमानिकाने कोणतेही औषध विमान-वैद्यक डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घ्यायचे नसते. सर्दीची साधी गोळीसुद्धा नाही, कारण तिने गुंगी येते. सर्दीत उडायचेही नाही. नाक-कानाची नळी बंद असली की उतरताना पडद्यावर दाब येऊन कान भयंकर ठणकतो.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून रक्तदाब मोज आणि कळव, एवढे सांगून पाठवले. आकडे आले. बहुतेक १२६ ते १३२ च्या दरम्यान, खालचे ८२-८४. मंगळवारी सकाळी मात्र १५६. पुढे लिहिले होते, ‘आज एक मुलगी पहिल्यांदा एकटी उडाली. ती उतरल्यावर लगेच मोजले.’

असे मोजायचे नसते, हे त्याला कळवले आहे.