घरातील वीज आणि दारातील मोटार

गेल्या जून महिन्यात शाळा सुरू होऊन आठवडाही लोटला नव्हता. मराठीच्या तासाला नववीच्या वर्गातील एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "बाई, आमच्या बाबांनी विजेवर चालणारी मोटार घेतली आहे. सोप्यावरच्या इस्त्रीच्या प्लगला ती लावली तर चालेल ना?" प्रश्न पाठाबाहेरचा होता आणि मला पाठ पुढे न्यावयाचा होता. मी सहज उत्तरले, "न चालायला काय झाले? वीज ती वीजच!"

उत्तर देऊन मी मोकळी झाले खरी. परंतु ते मनात सलत राहिले. मधल्या सुट्टीत आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते गंभीर होऊन म्हणाले, "वीज तीच असते, पण तिची वाट तीच असते का?" त्याच दिवशी मी त्या मुलीच्या घरी निरोप पाठविला की, वायरमनने पाहिल्यावाचून मोटार लावू नये. दोन दिवसांनी वायरमन आला. त्याने प्लगचे झाकण काढले, तेव्हा वरच्या मोठ्या भोकापासून निघालेली हिरवी तार दोन हात जाऊन भिंतीतच संपलेली आढळली. पिना तीन होत्या, पण तिसरीला जमीन नव्हती! वीस वर्षे त्या प्लगवर इस्त्री चालली, म्हणून कोणास कधी संशय आला नाही.

माझ्या तोंडून निसटलेल्या त्या उत्तराची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहे. मी विज्ञानाची पदवीधर नव्हे. तथापि या निमित्ताने जाणत्यांना विचारून व पुस्तके चाळून जे समजले, ते विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम हे पाहू की, मोटारीला वीज लागते तरी किती. विजेच्या बिलातील एक 'युनिट' म्हणजे एक किलोवॅट शक्तीचे उपकरण एक तास चालविण्यास लागणारी वीज. हजार वॅटची इस्त्री अर्धा तास चालली, तर अर्धे युनिट खर्च होते. दोन हजार वॅटचा पाणी तापविण्याचा गीझर पाव तास चालला, तरी तेवढेच. आता ज्या मोटारीच्या बॅटरीत ३० युनिटे मावतात, अशी एक मध्यम मोटार घ्या. आपल्या घरी वीज २३० व्होल्ट दाबाने येते. मोठा तीन पिनांचा प्लग १६ अँपिअरचा असतो. व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार केला, म्हणजे वॅट मिळतात. २३० गुणिले १६ म्हणजे ३,६८० वॅट. प्रत्यक्षात अशा प्लगवरून मोटार ३.३ किलोवॅटच्या आसपासच वीज घेते. म्हणजे रिकामी बॅटरी भरण्यास नऊ-दहा तास हवेत.

येथेच इस्त्री आणि मोटार यांतील भेद आहे. इस्त्री तापली की आपोआप बंद होते व पुन्हा सुरू होते. गीझर थोडा वेळ चालतो. मोटार मात्र रात्रभर, एका दमात, जवळजवळ प्लगच्या पूर्ण ताकदीइतका प्रवाह ओढीत राहते. घरातील दुसरे कोणतेही उपकरण सहसा असे करीत नाही.

तारेतून वीज वाहिली की तार तापते. इंग्लंडमधील जेम्स जूल या शास्त्रज्ञाने १८४१ साली या उष्णतेचा नियम मांडला. प्रवाहाचा वर्ग, तारेचा रोध आणि वेळ यांच्या गुणाकाराइतकी उष्णता निर्माण होते. 'वर्ग' हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. समजा, प्लगमधील एक स्क्रू किंचित ढिला आहे आणि त्या जोडावर फक्त एक दशांश ओहम रोध आहे. सोळाचा वर्ग २५६. त्याचा दहावा भाग म्हणजे सुमारे २५ वॅट. रेडिओ दुरुस्त करणारा ज्या सोल्डरिंगच्या दांडीने कथील वितळवितो, ती साधारण एवढ्याच शक्तीची असते. अशी तापती दांडी प्लॅस्टिकच्या प्लगात दडवून आपण नऊ तास झोपी गेलो, तर काय होईल, हे सांगावयास नको. खिडकीतून बाहेर सोडलेली लांब एक्स्टेन्शनची दोरी म्हणूनच धोक्याची. तिच्यात जोड अधिक, तार बारीक. आणि ती गुंडाळलेली असली, तर उष्णतेला बाहेर पडण्यास वाटही नसते.

यावरचा उपाय म्हणजे मोटारीसाठी मीटरजवळच्या मुख्य पेटीपासून स्वतंत्र तार नेणे. तिच्यावर दुसरा दिवा नको, पंखा नको. या तारेची जाडी प्रवाहाच्या मानाने हवी. मीटरपासून मोटार उभी करण्याची जागा ३० मीटर दूर आहे असे धरू. ३२ अँपिअर प्रवाह २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून नेला, तर जाता-येता मिळून सुमारे ४२० वॅट शक्ती तारेतच उष्णता होऊन वाया जाईल. तीच तार ६ चौरस मिलिमीटरची घेतली, तर हा आकडा १७५ वॅटच्या आसपास येतो. भिंतीवरची चकचकीत पेटी पाहुण्यांना दिसते, भिंतीतील तार कोणाला दिसत नाही. म्हणून काटकसर नेहमी तारेत केली जाते. वस्तुतः ती तेथेच करू नये.

आता त्या पेटीविषयी. तिला सर्वजण 'चार्जर' म्हणतात. पण खरा चार्जर मोटारीच्या पोटात असतो. घरची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट दिशांनी वाहते, तर बॅटरीला एकाच दिशेने वाहणारी वीज हवी असते. हे रूपांतर मोटारीच्या आत होते. त्यामुळे मोटारीच्या आतील चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल, तर भिंतीवर ७ किलोवॅटची पेटी बसवूनही मोटार लवकर भरत नाही. हे आधी न विचारल्यामुळे अनेकांचे पैसे व्यर्थ जातात.

ही अडचण नवी नाही. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी विजेच्या मोटारी रस्त्यांवर धावत होत्या. पेट्रोलच्या मोटारी घरोघर पोहोचविणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही विजेची मोटार वापरीत, ही गंमत सांगण्यासारखी आहे. त्या काळीही घरी येणारी उलटसुलट वीज बॅटरीस चालत नसे. पीटर कूपर ह्यूइट यांनी १९०२ साली पाऱ्याच्या वाफेचा उपयोग करून वीज एकदिश करणारा काचेचा फुगा शोधून काढला. मोटारखान्याच्या भिंतीवर असा फुगा रात्रभर निळसर प्रकाशाने उजळत राही व मोटार भरली जाई. पुढे १९१२ साली कॅडिलॅक मोटारीला विजेने सुरू होणारे यंत्र बसले. पेट्रोलच्या मोटारीचा दांडा हाताने फिरविण्याचा त्रास संपला. स्वस्त पेट्रोल आणि लांबचा पल्ला यांची त्यात भर पडून विजेची मोटार मागे पडली.

मग आजची भिंतीवरची पेटी करते तरी काय? ती मोटारीशी संभाषण करते. आपल्या देशात मोटारींसाठी रूढ असलेल्या 'टाइप २' जोडणीत सात पिना असतात. त्यांतील एकीवरून पेटी सेकंदाला एक हजार वेळा खालीवर होणारा संदेश पाठविते. प्रत्येक आवर्तनात तो किती वेळ वरच्या पातळीवर राहतो, यावरून किती प्रवाह घेण्यास मुभा आहे ते मोटारीला कळते. दहा टक्के वेळ असेल तर ६ अँपिअर, पन्नास टक्के असेल तर ३० अँपिअर. मोटारीने 'मी तयार आहे' असे उत्तर दिल्यावरच पेटी वीज सोडते. तोपर्यंत हातातील जोडणीच्या टोकाशी घरची वीज आलेलीच नसते. साध्या प्लगात हा शिष्टाचार नाही, हा त्यातील मोठा फरक होय.

यापुढे दोन राखणदारांची गोष्ट. आपल्या गावाला जसा राखणदार असतो, तसे विजेच्या वाटेवरही असावे लागतात. पहिला एम.सी.बी. नावाचा खटका. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो पडतो व तार जळण्यापासून वाचते. परंतु हा राखणदार तारेचा आहे, माणसाचा नव्हे. एक अँपिअरहून कितीतरी कमी प्रवाह शरीरातून गेला तरी माणूस दगावू शकतो; १६ अँपिअरच्या खटक्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसाचा राखणदार म्हणजे आर.सी.सी.बी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. त्यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडण्यापूर्वीच तो वीज तोडतो. मात्र मोटारीच्या आत वीज एकदिश होत असल्याने बिघाडाच्या वेळी एकदिश प्रवाहाचीही गळती संभवते, व साध्या जातीच्या आर.सी.सी.बी.ला ती ओळखता येत नाही. म्हणून ही गळती ओळखणारी सोय पेटीतच आहे की बाहेर वेगळी बसवावयाची आहे, हे विकत घेतानाच विचारावे.

या दोघांच्या पाठीशी हिरवी तार हवी. मोटारीच्या धातूच्या अंगावर चुकून वीज उतरली, तर तिला जमिनीत जाण्याची सोपी वाट मिळावी, म्हणून ही तार. ती जमिनीत पुरलेल्या नळीला किंवा पत्र्याला जोडतात व भोवती कोळसा आणि मीठ घालतात. ओली माती वीज सुखाने वाहून नेते, कोरडी माती अडविते. आपल्याकडे चिऱ्याचा कातळ उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो. पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात दुबळे होते. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालावे आणि वायरमनकडून मापकाने रोध मोजून आकडा लिहून ठेवावा. 'अर्थिंग आहे' या तोंडी शब्दावर विसंबू नये.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी घराला मंजूर झालेला भार बिलावर पाहावा. तो तीन किलोवॅट असेल आणि गीझर व मोटार एकाच वेळी चालली, तर दोन आणि तीन मिळून पाच होतात, हे गणित चौथीतील मुलासही जमेल. भार वाढविण्याचा अर्ज वीज खात्याकडे करावा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली घरी मोटार भरण्यास मुभा दिली व जानेवारी २०२२ च्या सूचनांत घरच्या चालू जोडणीवरूनच ते करता येईल असे स्पष्ट केले. परंतु मुभा मिळाली म्हणून तार जाड होत नाही. त्यानंतर परवानाधारक वायरमनकडून घराची तपासणी करून घ्यावी, तार टाकावी, अर्थिंग करावे आणि सर्वांत शेवटी पेटी विकत घ्यावी. बहुतेक लोक नेमके याच्या उलट करतात. पेटी पागोळ्यांच्या मारापासून दूर, वळचणीखाली बसवावी, व तिच्यावर धूळ आणि पाणी यांपासून बचावाचा 'आय.पी.' अंक पाहून घ्यावा. सदनिकेत राहणाऱ्यांनी आधी सोसायटीची लेखी संमती घ्यावी.

आणि खरोखर मोठी पेटी हवी काय? मध्यम मोटार एका युनिटात साधारण सहा-सात किलोमीटर जाते. रोजचा प्रवास ४० किलोमीटरांचा असेल, तर सहा-सात युनिटे पुरेत. ती ३.३ किलोवॅटने दोन-सव्वादोन तासांत भरतात. मोटार रात्रभर दारात उभीच असते. मग घाई कशाची? शिवाय वीज आपल्या एकट्याची नाही. एका वाड्यावर दहा घरांनी संध्याकाळी सात वाजता ७.४ किलोवॅटच्या पेट्या सुरू केल्या, तर ७४ किलोवॅट भार एकदम येईल. वाड्याचा ट्रान्सफॉर्मर १०० केव्हीएचा असेल, तर दिवे, पंखे व पंप यांना उरणार किती? म्हणून जेवणखाण आटोपल्यावर, रात्री उशिरा मोटार लावणे हा शेजारधर्मच होय.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगी मला भेटली. तिच्या घरी नवी तार आली, अंगणात अर्थिंगचा खड्डा झाला आणि मोटार सुखरूप भरू लागली. पण मला आनंद झाला तो तिच्या पुढच्या वाक्याने. ती म्हणाली, "बाई, वायरमनकाकांनी बाकीचे प्लगही पाहिले. पाणी तापविण्याच्या प्लगालाही हिरवी तार नव्हती."

विद्यार्थ्यांनो, तुमच्या दारात मोटार येवो वा न येवो, प्लग स्वतः कधीही उघडू नका. परंतु वायरमन घरी आला की त्याला एक प्रश्न अवश्य विचारा : "काका, आमच्या घरची हिरवी तार कोठवर जाते?"