तांबड्या केसांची वेलांटी

'दिन' आणि 'दीन'. बदलली ती फक्त वेलांटी, पण पहिल्या शब्दात सूर्य उगवतो आणि दुसऱ्यात माणूस हात पसरतो. एवढाच फरक आपल्या शरीराच्या पोथीत पडावा आणि डोक्यावरचे केस घासून लख्ख केलेल्या तांब्यासारखे व्हावेत, यावर विश्वास बसेल?

तांबडे केस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेंदी येते. पण मेंदीचा रंग बाहेरून चढतो; तीनचार आठवडे झाले की भांगात पांढरी रेघ उमटते आणि गुपित फुटतं. आता स्कॉटलंडमधल्या एखाद्या तांबड्या केसांच्या मुलीचा एकच केस उन्हात धरून पाहा. मुळापर्यंत रंग तोच, आणि बोटांत फिरवला की कधी गाजर, कधी मध, कधी तांब्याची तार! हा केस आतूनच तसा उगवलेला आहे. जगात अशी माणसं शंभरात एखाद-दुसरं.

मग हा रंग येतो कुठून? केसाच्या मुळाशी रंग कालवणाऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्यांच्याकडे डबे दोनच: एकात काळा-तपकिरी रंग, युमेलॅनिन, दुसऱ्यात पिवळसर-तांबडा, फिओमेलॅनिन. दुसरा डबा तुमच्या-माझ्याकडेही असतो बरं का! कुठला उघडायचा हे ठरतं पेशीवरच्या एका खटक्यावर. एमसी१आर हे त्या खटक्याचं, म्हणजे त्या प्रथिनाचं, नाव. शरीरातलं एक संप्रेरक येऊन तो दाबतं आणि पेशी काळा रंग करू लागते. खटका ढिला असला, की संप्रेरक येतं, दाबतं, पण आत निरोप नीट पोचतच नाही. पेशी बिचारी तांबडाच रंग कालवत राहते.

या खटक्याची कृती सोळाव्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे, जेमतेम साडेनऊशे अक्षरांत. अख्खी पोथी सुमारे तीनशे कोटी अक्षरांची! तिच्यात एका जागी 'सी'ऐवजी 'टी' पडतो आणि ३१७ मण्यांच्या प्रथिनाच्या माळेतला १५१वा मणी बदलतो. बस्स, खटका ढिला. असे आणखीही काही अक्षरबदल आहेत, पण परिणाम तोच. १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या जोनाथन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या केसांचा धागा या खटक्याशी जुळवून दाखवला.

पोथीची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्हींपैकी एक जरी नेहमीसारखी असली तरी बहुधा काम भागतं. म्हणून तर काळ्या-तपकिरी केसांच्या आईबापांच्या पाळण्यात अवचित तांबड्या जावळाचं बाळ दिसतं आणि घरदार चकित होतं. एकच बदललेली प्रत असलेल्या एखाद्या पुरुषाचे केस तपकिरीच राहतात, पण दाढी वाढवली की तीच तांबडी निघते!

आणि एवढ्याशा वेलांटीवर माणसांनी काय काय लादलं! युरोपातल्या जुन्या चित्रांत येशूला दगा देणारा जुडास पुष्कळदा तांबड्या केसांचा. इंग्लंडमध्ये अशा मुलांना 'जिंजर' म्हणून हाक. (आपलं आलं तर फिकट पिवळं, मला त्या नावाचं कोडं नेहमीच पडतं.) ऑस्ट्रेलियात ओरांगउटानवरून 'रांगा', आणि उलट्या गमतीनं चक्क 'ब्लूई', म्हणजे निळ्या! १९०८ साली आलेल्या 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'मधल्या ॲनला वर्गातला मुलगा 'गाजर' म्हणतो आणि ती त्याच्या डोक्यात पाटी घालते. पुस्तक कॅनडातलं, पण ती पाटी कुठल्याही गावच्या शाळेतल्या मुलांना कळेल.

सगळ्यांत चिवट समजूत ही, की तांबडे केस म्हणजे तापट डोकं. जरा विचार करा, हा केवढा पेच आहे! काळ्या केसांचं पोर चिडलं तर ते चिडलं, एवढंच. तांबड्या केसांचं चिडलं तर लोक म्हणतात, बघा, केसांचा गुण. 'मी तापट नाही' असं त्यानं जोरात सांगितलं, तर तोच पुरावा. गप्प बसावं तरी कितीदा?

इथे माझा सगळ्यांत आवडता योगायोग सांगते. तांबूस-तपकिरी अंगाच्या घोड्यांचा रंगही याच खटक्यामुळे येतो, तोच एमसी१आर. आणि घोडेवाल्यांची जुनी समजूत काय? तांबडी घोडी म्हणजे भडक डोक्याची! संशोधकांनी घोडेमालकांकडून वागणुकीची माहिती गोळा केली, तेव्हा तांबडी जनावरं जास्त उधळणारी किंवा जास्त उसळणारी निघाली नाहीत. म्हणजे आपण माणूस पाहिला काय नि घोडा पाहिला काय, रंग पाहिला आणि आग आठवली.

पण खटक्याचं काम खरोखरच केसांपुरतं नाही, आणि इथे मी थक्क होते. स्वभावात शोध घेत बसलेल्या लोकांना जे दिसलंच नाही, ते दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत लपलं होतं. खुर्ची मागे कललेली, सुई टोचून झालेली, 'आता काही जाणवणार नाही' असं सांगून झालेलं. आणि माणूस म्हणतो, अजून दुखतंय. तांबड्या केसांची माणसं हे सांगत होती आणि त्यांना भित्री ठरवलं जात होतं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं, की तांबड्या केसांच्या स्त्रियांवर त्वचेखाली टोचलेलं लिडोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, खरंच कमी चालतं. गारठ्याची नि उष्णतेची कळही त्यांना लवकर लागते. २००९ मध्ये १४४ जणांची पाहणी झाली: या खटक्यात बदल असलेली माणसं दातांचे उपचार टाळण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक. मला त्या खुर्चीतल्या प्रत्येकाची माफी मागावीशी वाटते.

पूर्ण गुंगीच्या वायूबाबत मात्र घाई नको. २००४ मध्ये वीस स्त्रियांवरच्या प्रयोगात तांबड्या केसांच्या स्त्रियांना १९ टक्के जास्त वायू लागला होता, पण पुढच्या मोठ्या पाहण्यांत तो फरक तसा दिसला नाही. उलट २०२१ मध्ये तांबड्या उंदरांत काही वेदनांची सहनशक्ती जास्तच आढळली. रंग कालवणारी पेशी वेदनेच्या दारावरही पहारा देते, हे कुणाच्या स्वप्नात तरी आलं होतं का?

सूर्याचा हिशोब वेगळा, आणि कडक. आपल्या त्वचेतला काळा रंग छत्रीसारखं ऊन अडवतो; तांबडा ते काम नीट करत नाही. म्हणून या माणसांची कातडी उन्हानं रापत नाही, भाजते. त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही त्यांना जास्त. समुद्रावर सगळे वाळूत लोळत असताना लांब बाह्या घालून सावलीत बसलेली ती मुलगी शिष्ट नसते. तिची छत्री तिला बाहेरून आणावी लागते.

२००५ मध्ये नेदरलँड्समध्ये बार्ट राऊवेनहोर्स्ट या चित्रकाराला तांबड्या केसांच्या पंधरा स्त्रिया चित्रांसाठी हव्या होत्या. त्यानं जाहिरात दिली आणि दीडशे जणी पुढे आल्या. त्यातून मेळा सुरू झाला. २०१३ मध्ये ब्रेडा शहरात १६७२ तांबडी डोकी एका फोटोसाठी उभी राहिली. शाळेच्या फोटोत जे पोर सगळ्यांत आधी सापडायचं, ते त्या गर्दीत हरवलं असेल तर आईनं शोधणाऱ्यांना काय खूण सांगितली असेल?