सुगीच्या दिवसांत परसबागेतील भाजीची तोडणी

भाद्रपदातील पितृपक्षात परसबागेकडे सर्वांचे लक्ष असते. गवार, भेंडी, कारली, लाल भोपळा, अळू ह्या भाज्या त्या पंधरवड्यात बहुतेक घरी स्वयंपाकास लागतात आणि वेलावेलावरून हात फिरतो. पुढे घट बसतात व चित्र पालटते. बाजरी, भुईमूग, सोयाबीन, मागाहून भात अशी पिके एकामागून एक काढणीस येतात. घरची मंडळी दिवसभर रानात असतात. आठ-दहा दिवसांनी कोणी परसात डोकावले, तर भेंडी वीतभर वाढून लाकडासारखी झालेली, दोडक्यात जाळी धरलेली आणि वेलावर नवे फूल बेताचेच. बाग सरली असे समजून वेल उपटले जातात. वस्तुतः बाग सरलेली नसते; तोडणी थांबली म्हणून ती थांबलेली असते.

ह्याचे कारण असे की, फळातील बी पक्व होऊ लागले म्हणजे झाडाने तयार केलेले अन्न मुख्यतः तिकडे वळते. नव्या कळ्यांचे पोषण होत नाही व फुले गळतात. कोवळी फळे वेळच्या वेळी काढीत राहिल्यास झाड पुन्हा पुन्हा फुलावर येते. पाऊस उघडल्यावर अधूनमधून पाणी दिले, तर असा बहर दिवाळीनंतरही काही दिवस चालू राहतो.

भेंडी फूल उमलल्यापासून ५ ते ७ दिवसांत काढावी. शेंडा बोटाने वाकविताच कट्‌कन मोडला पाहिजे. म्हणजे एक दिवसाआड फेरी हवीच. अंगास खाज सुटते म्हणून हातास फडके गुंडाळावे. गवार दाणा भरण्यापूर्वी तोडावी. दोडका व दुधी यांच्या सालीत नख सहज रुतले पाहिजे. कोवळ्या दुधीवर लव असते. कारली पिवळी पडण्याची वाट पाहू नये. वेलावरचे फळ ओढून न काढता देठासह कापावे, नाहीतर वेल दुखावतो. माठ मुळासकट न उपटता खालची दोन-तीन पेरी राखून खुडला, तर पुन्हा फुटतो. ह्या कामास सकाळी रानात निघण्यापूर्वीची १०-१५ मिनिटे पुरतात आणि त्या वेळी भाजीही टवटवीत असते.

दुधीबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. शिजविण्यापूर्वी लहानसा तुकडा जिभेस लावून पाहावा. तो कडू लागल्यास संपूर्ण फळ टाकून द्यावे. कडू दुधीचा रस पोटात गेल्यास गंभीर विषबाधा होते. बागेत कीटकनाशक फवारले असेल, तर वेष्टनावर सांगितलेले दिवस भरेपर्यंत तोडणी करू नये.

फळमाशीने डंखलेली, वाकडी व सडकी फळे अनेकजण उकिरड्यावर फेकतात. हे तर माशीचे पालन करणेच झाले, कारण आतील अळ्या बाहेर पडून मातीत कोष करतात. अशी फळे दर फेरीस गोळा करून सुमारे २ फूट खोल पुरावीत.

बियाण्याकरिता मात्र फळ मुद्दाम राखावे लागते. नजरेतून सुटलेले शेवटचे जून फळच बियाण्यासाठी ठेवण्याची सवय चांगली नव्हे. ते बहुधा थकलेल्या वेलाचे असते. जोमदार, निरोगी झाडावरील सुरुवातीच्या बहरातील एक-दोन फळांना चिंधी बांधून ठेवावी, म्हणजे घाईत कोणी तोडणार नाही. भेंडीची शेंग तपकिरी होऊन उकलू लागली, किंवा वाळलेला दोडका हलविताच बी खुळखुळले, की ते काढावे.

ही माहिती प्रत्यक्ष तोडणी करणाऱ्या गृहिणींपर्यंत पोचली पाहिजे. सुगीत दुपारी सभा बोलावल्यास चावडीवर कोणी फिरकत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सायंकाळी एखाद्या परसातच चार घरच्या बायकांना वेलाशी उभे करून नखाची परीक्षा दाखवावी.

लाल भोपळ्यास वरील घाई लागू नाही. देठ वाळून साल नखाला दाद देईनाशी झाली, म्हणजे तो दोन-तीन इंच देठासह कापावा. खरचटलेला भोपळा आधी वापरावा. बाकीचे माळ्यावर, हवेशीर जागी, पेंढ्यावर एकमेकांस न टेकतील असे ठेवले, तर संक्रांतीपर्यंत टिकतात.