कुत्र्याचे लक्ष कसे मिळवावे?

एका मोकळ्या मैदानावर वीसएक अडथळे मांडलेले आहेत. कुठे उडी मारून ओलांडायच्या आडव्या दांड्या, कुठे कापडी बोगदा, कुठे एका रांगेत रोवलेले १२ उभे खांब. मुलांच्या बागेत असते तशी वरखाली होणारी फळी आहे. घराच्या छपरासारखी, माणसाएवढी उंच अशी चढण-उतरणही आहे. इशारा होताच एक कुत्रा सुटतो. दांड्यांवरून झेपावतो, बोगद्यातून सरपटतो, खांबांच्या रांगेतून नागमोडी धावतो आणि पाऊण-एक मिनिटात सारे मैदान पालथे घालून मुक्कामाला पोचतो. त्याचा शिकवणारा शेजारून पळत असतो.

या खेळाला ‘अ‍ॅजिलिटी’ म्हणजे चपळाईची स्पर्धा म्हणतात. लंडनच्या ‘क्रफ्ट्स’ या श्वानप्रदर्शनात १९७८ साली त्याचे पहिले प्रात्यक्षिक झाले. दोन मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांची करमणूक व्हावी, म्हणून प्रदर्शन समितीचे जॉन व्हार्ली यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाच्या मदतीने तो बसवला होता. घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून त्यांना ही कल्पना सुचली. प्रेक्षकांना खेळ इतका आवडला की १९८० मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला रीतसर मान्यता दिली. पुढे तो जगभर पसरला.

या खेळाचे नियम मोठे मार्मिक आहेत. धावताना कुत्र्याला दोरी किंवा साखळी बांधायची नाही. त्याला हात लावायचा नाही. हातात खाऊ किंवा चेंडू ठेवायचा नाही. अडथळ्यांचा क्रम परीक्षक ठरवतो आणि तो दर स्पर्धेत बदलतो. शिकवणाऱ्याला आधी मैदानात फिरून तो क्रम पाहता येतो, पण कुत्र्याला नाही. यानंतर कुठे जायचे हे कुत्र्याला कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे शिकवणाऱ्याच्या हालचालीकडे आणि आवाजाकडे लक्ष देणे. दोघांना जोडणारा दुसरा कोणताही धागा मैदानावर नसतो.

मग ज्या कुत्र्याला माणसाकडे पाहण्याची फारशी गरजच वाटत नाही, त्याचे काय करायचे?

दोन प्रकारचे कामकरी

मेंढ्या वळवणारा बॉर्डर कॉली हा कुत्रा या खेळात फार पुढे असतो. पिढ्यान् पिढ्या मेंढपाळांनी अशीच पिल्ले निवडून वाढवली, की जी दूर उभ्या असलेल्या धन्याच्या शिट्टीवर वळतात, थांबतात आणि पुन्हा धावतात. उलट शिकारी कुत्र्यांच्या कित्येक जातींमध्ये निवडीचा निकष वेगळा होता. ससा दिसला की धन्याची वाट न पाहता त्याच्यामागे सुटणे हेच त्यांचे काम होते. आफ्रिकेतील काँगोच्या भागातील बसेंजी, बर्फावर गाडी ओढणारा हस्की आणि आपल्याकडचा महाराष्ट्र-कर्नाटकाच्या कोरड्या पठारावरचा सडपातळ कारवानी, हे सारे थोड्याफार फरकाने या दुसऱ्या गटातले. धन्याच्या तोंडाकडे पाहत बसणारा कारवानी सशाच्या शिकारीत काय कामाचा?

अमेरिकेतील मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींची पिल्ले एकसारख्या परिस्थितीत वाढवून त्यांच्या वागण्याची तुलना केली. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोरी बांधून चालायला शिकवताना बसेंजीची पिल्ले दोरीशी झगडत. शेटलंड शीपडॉग या मेंढपाळी जातीची पिल्ले मात्र माणसाच्या पायातच घोटाळत राहत. वाढवण्याची पद्धत एकच असताना हा फरक पडला, तेव्हा त्यामागे आनुवंशिकतेचा वाटा आहे हे उघड झाले.

हंगेरीतील बुडापेस्ट येथील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये आणखी एक निरीक्षण मांडले. दोन भांड्यांपैकी एकात खाऊ लपवायचा आणि माणसाने त्या भांड्याकडे क्षणभर बोट दाखवायचे. माणसाबरोबर काम करण्यासाठी निवडलेल्या जातींची कुत्री, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या जातींच्या कुत्र्यांपेक्षा, योग्य भांडे अधिक वेळा निवडत. ही सगळी कुत्री घरात पाळलेलीच होती.

अशा कुत्र्यांना लोक ‘हट्टी’ किंवा ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतात. पण तो कुत्रा मठ्ठ नसतो. त्याच्या पूर्वजांची ज्या गुणासाठी निवड झाली, तोच गुण तो दाखवत असतो. म्हणून काही तो शिकू शकत नाही असे नव्हे. बसेंजी कुत्र्यांनीही अ‍ॅजिलिटीच्या पदव्या मिळवल्या आहेत. मात्र त्यांना शिकवणाऱ्याला शिकण्याचे नियम नीट ठाऊक असावे लागतात.

लक्ष देणे हीसुद्धा कृती आहे

लक्ष ही मनाची एक अवस्था आहे असे आपण समजतो. कुत्र्याच्या मनात शिरून पाहणे आपल्याला शक्य नाही. पण त्याने मान वळवून आपल्याकडे पाहिले, ही कृती आपल्याला दिसते, आणि दिसणारी कृती मोजता येते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. पेटीत कोंडलेले मांजर धडपडताना चुकून खटका दाबे आणि बाहेर पडून खाऊ मिळवी. पुढच्या खेपांना ते हळूहळू कमी वेळात सुटू लागे. ज्या कृतीचे फळ सुखद, ती कृती पुन्हा होण्याचा संभव वाढतो, हा त्यातून निघालेला नियम. पुढे बी. एफ. स्किनर यांनी तो अधिक काटेकोर केला. कृती बळकट करणाऱ्या अशा फळाला ‘प्रबलन’ म्हणतात.

आता हा नियम कुत्र्याच्या नजरेला लावून पाहू. शिकवणारा एका शांत खोलीत गप्प उभा राहतो. हाक मारत नाही, दोरी ओढत नाही. कुत्रा कोपरे हुंगतो, दाराकडे जातो. केव्हातरी तो शिकवणाऱ्याकडे पाहतो. त्याच क्षणी ‘टिक्’ असा आवाज होतो आणि लगेच खाऊचा तुकडा मिळतो. असे काही वेळा झाले की कुत्रा अधिक वेळा पाहू लागतो.

हा ‘टिक्’ कशासाठी? खिशातून खाऊ काढून देईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात कुत्र्याने मान फिरवली, तर बक्षीस मान फिरवण्याला मिळाल्यासारखे होते. म्हणून पाहण्याच्या नेमक्या क्षणाला खूण करणारा आवाज हवा. दाबले की टिक् वाजणारे पत्र्याचे खेळणे यासाठी वापरावे, असे स्किनर यांनी १९५१ च्या एका लेखात सुचवले होते. आवाजापाठोपाठ खाऊ मिळतो हे कळल्यावर आवाजालाच अर्थ येतो. पावलॉव्हच्या प्रयोगातील कुत्र्यांची लाळ खाऊ यायच्या आधी खुणेनेच सुटत असे, तसेच हे.

बाहेरच्या वासाशी स्पर्धा

खोलीत जमलेले मैदानावर जमत नाही, असा अनुभव बहुतेकांना येतो. मैदानावर शेकडो वास असतात, इतर कुत्री असतात, एखादी खार पळत असते. बसेंजीला अशा वेळी खाऊपेक्षा गवत हुंगणे अधिक प्रिय असते.

केलर आणि मॅरियन ब्रेलँड या जोडप्याने नाना जातींच्या प्राण्यांना करामती शिकवण्याचा व्यवसाय केला. १९६१ मध्ये त्यांनी एक गमतीचा अनुभव लिहिला. लाकडी नाणी उचलून पेटीत टाकायला शिकवलेले डुक्कर काही दिवसांनी नाणे वाटेतच टाकून नाकाने उकरत बसे. पेटीत नाणे टाकले की खाऊ मिळतो हे पक्के ठाऊक असूनही! शिकवलेल्या कृतीवर उपजत प्रवृत्ती मात करते ती अशी.

मग या प्रवृत्तीशी भांडण्यापेक्षा तिलाच कामाला लावले तर? डेव्हिड प्रीमॅक या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला. काही मुलांना गोळ्या खाण्यापेक्षा यंत्रावरचा खेळ अधिक आवडे. ‘गोळी खाल्ली तरच खेळायला मिळेल’ असे ठरवल्यावर ती मुले अधिक गोळ्या खाऊ लागली. म्हणजे अधिक आवडती कृती ही कमी आवडत्या कृतीचे बक्षीस होऊ शकते. ‘आधी भाजी संपव, मग शिकरण’ हा आपल्या घराघरांतला नियम याच जातीचा आहे.

कुत्र्याला शिकवताना तो असा वापरतात. गवताच्या कडेला उभे राहायचे. कुत्र्याने आपणहून वळून पाहिले की ‘जा, हुंग!’ म्हणून त्याला मोकळे सोडायचे. आता गवताचा वास हा शत्रू उरत नाही. माणसाकडे पाहिले की वासाची वाट मोकळी होते, असा हिशेब कुत्रा शिकतो. अंतर, वेळ आणि आजूबाजूची गडबड या तिन्ही गोष्टी मात्र एकदम वाढवायच्या नाहीत. एक वाढवली तर बाकीच्या दोन सोप्या ठेवायच्या.

शिस्त आणि शिष्टाचार

अ‍ॅजिलिटीच्या मैदानावर शिष्टाचारही लागतात. आरंभरेषेवर शिकवणारा पुढे जाईपर्यंत बसून राहणे, दुसऱ्या कुत्र्यावर धावून न जाणे, माणसांच्या अंगावर उड्या न मारणे, हे ते शिष्टाचार. चढण-उतरणीच्या टोकाशी सुमारे एक मीटरचा निराळ्या रंगाचा पट्टा असतो. त्यावर पाय न टेकता वरूनच उडी मारली, तर गुण कापले जातात. उतारावरून भरधाव येणारा कुत्रा घसरू नये, त्याच्या सांध्यांना इजा होऊ नये, यासाठी हा नियम आहे.

येथेही तोच हिशेब चालतो. शर्यतीवर टपलेल्या कुत्र्याला धावण्याहून मोठे बक्षीस कोणते? तो बसून राहिला तरच ‘चल!’ म्हणायचे. तो आधीच उठला, तर काही न बोलता त्याला परत जागेवर आणायचे. आरडाओरडा लागत नाही. दार उघडण्यापूर्वी थांबणे, ताट खाली ठेवेपर्यंत बसणे, हे घरातले पाठही असेच.

अंगावर उड्या मारण्याची सवय मोडताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. उडीकडे सर्वांनी दुर्लक्ष करायचे ठरवले, की पहिल्यांदा उड्या कमी न होता वाढतात. आजवर चालणारा उपाय चालेनासा झाला, तर प्राणी तोच अधिक जोराने करून पाहतो. दिव्याचे बटण लागले नाही तर आपणही ते खटाखट दाबतोच की! या वेळी घरातल्या एकानेही ‘राहू दे, आज लाड करू’ म्हटले, तर कुत्रा उलटा धडा शिकतो. अधूनमधून मिळणाऱ्या फळाने पक्की झालेली सवय सुटायला फार वेळ लागतो. त्यापेक्षा चारही पाय जमिनीवर असताना त्याचे लाड केलेले बरे.

रागावून काय होते?

रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. उत्तेजना वाढली की शिकणे काही मर्यादेपर्यंत सुधारते, पण अवघड कामात ती मर्यादा लवकर गाठली जाते, असे त्यांना आढळले. गडबडलेल्या कुत्र्यावर ओरडले, तर त्याची उत्तेजना आणखी वाढते आणि १२ खांबांच्या नागमोडीसारखे नाजूक काम हमखास बिघडते. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात ओरडणे, हिसके देणे अशा पद्धतींनी शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये शिकवणीच्या वेळी ताणाची लक्षणे अधिक दिसली. लाळेतील कॉर्टिसॉल या द्रव्याची शिकवणीनंतरची वाढही त्यांच्यातच अधिक होती.

घाईही उपयोगाची नाही. डेन्मार्कमध्ये ४४ बीगल कुत्र्यांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातून एकदा-दोनदा शिकवलेली कुत्री रोज शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा कमी तासिकांत धडा शिकली. परीक्षेच्या आदल्या रात्री सारे पुस्तक उरकणाऱ्यांनी यावर विचार करावा!

तुम्हीही करून पाहा

हा प्रयोग घरच्या, ओळखीच्या कुत्र्यावर आणि मोठ्या माणसांच्या संमतीनेच करा. परक्या किंवा रस्त्यावरच्या कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका. त्याला ते आव्हान वाटू शकते.

पहिल्या दिवशी शांत खोलीत दोन मिनिटे गप्प बसा आणि कुत्रा किती वेळा तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो ते मोजा. खाऊ देऊ नका. हा झाला आरंभीचा आकडा. त्यानंतर दिवसाआड पाच मिनिटे बसा. त्याने पाहिले की त्याच क्षणी ‘छान’ म्हणा आणि पोळीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा द्या. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा कुत्र्याला विषारी असतात, ते कधीही देऊ नका. अशा पाच तासिकांनंतर पहिल्या दिवसासारखीच दोन मिनिटांची मोजणी पुन्हा करा. मग तीच मोजणी अंगणात करा.

तिन्ही आकडे आलेखावर मांडा. खोलीतला दुसरा आकडा पहिल्याहून मोठा आला का? अंगणातला आकडा किती उतरला? तेथे कुत्र्याचे मन कशात होते, आणि तीच गोष्ट त्याला बक्षीस म्हणून कशी देता येईल? उत्तरे वहीत लिहून तुमच्या विज्ञानशिक्षकांना दाखवा. वर्गात दोन-तीन जणांकडे वेगवेगळ्या जातींची कुत्री असतील, तर त्यांचे आलेख शेजारी शेजारी लावा. एखाद्याची रेघ भराभर चढेल, एखाद्याची सावकाश. सावकाश चढणाऱ्या रेघेचा कुत्रा कोणत्या कामासाठी वाढवला गेला होता, तेही शोधून काढा.