लोणारच्या कांचेची साक्ष

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर आमच्या वाचकांपैकीं कांहींनीं पाहिलें असेल. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा तो वाटोळा खळगा कशानें झाला, हा प्रश्न विद्वानांपुढें दीर्घकाळ होता. दख्खनचा काळा दगड मूळचा लाव्हाच. तेव्हां हें एखाद्या विझलेल्या ज्वालामुखीचें तोंड असावें, असें मानणें स्वाभाविक होतें. या वादाचा निकाल एका क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूनें लावला. ती वस्तु म्हणजे कांच.

स्फटिकांत अणु शिस्तीनें रांगेंत बसलेले असतात; कांचेंत ती रांग मोडलेली असते. वितळलेला दगड झटकन् निवाला, म्हणजे अणूंस रांग धरण्यास अवसर मिळत नाहीं व त्याची कांच होते. अशी कांच ज्वालामुखींतूनही निघते. म्हणून केवळ कांच सांपडल्यानें निर्णय होत नाहीं. ती कोणत्या जातीची, हें पाहावें लागतें.

इ. स. १८६५ मध्यें बिहारांतील शेरघाटी येथें आकाशांतून एक दगड पडला. त्यांत व्हिएन्नाच्या चेर्माक नांवाच्या शास्त्रज्ञानें १८७२ सालीं एक निराळा पदार्थ ओळखून त्यास 'मास्केलिनाइट' हें नांव दिलें. ही कांचच, पण हिच्यांत फेल्डस्पार खनिजाच्या कणाचा बाह्य आकार कायम राहतो व आंतील रचना मात्र ढासळते. असें होण्यास हवेच्या दाबाच्या सुमारें दोन लक्ष पट किंवा त्याहूनही अधिक दाबाचा तडाखा बसावा लागतो. ज्वालामुखीच्या अंगीं हें सामर्थ्य नाहीं. लोणारच्या तळांत छिद्रें पाडून काढलेल्या दगडांत हीच कांच असल्याचें १९७३ सालीं फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनीं प्रसिद्ध केलें, आणि उल्कापाताचा पक्ष सिद्ध झाला.

विवराभोंवतीं वितळलेल्या कांचेच्या बारीक गोळ्याही मिळतात. पृथक्करण करितां त्यांचें द्रव्य बहुतांशीं तेथील काळ्या दगडाचेंच ठरतें. मात्र कांहीं गोळ्यांत निकेल त्या दगडाहून अधिक भरतें. ही उल्केचा अंश मिसळल्याची खूण होय. सारांश, द्रव्य भूमीचें आणि ताप आघाताचा.

विद्यार्थिमित्रांनो, सहलीस लोणारीं जाल तेव्हां डोळे भरून पाहा, परंतु तेथील खडे खिशांत घालूं नका. पालकांनींही मुलांस हें सांगावें, अशी आमची विनंती आहे. साक्षीदारच नाहींसा झाला, तर पुढील पिढीनें विचारावें कोणास?