औषध लागू पडले, वैद्य कोण होता?

घोडबंदरच्या किल्ल्यावर उभे राहिले की समोर उल्हास नदीची खाडी, पलीकडे वसईचा मुलूख आणि पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल दिसते. अरबी घोडे इथे उतरत, म्हणून गावाला हे नाव पडले असे सांगतात. मागच्या जंगलात मात्र वेगळा खजिना आहे: कुडा, अडुळसा, गुळवेल, शतावरी, बेहडा. हगवण लागली की कुड्याची साल, हा उपाय आदिवासी पाड्यांवर सांगायला पोथी लागत नाही. चरकसंहितेत हाच कुडा कुटज म्हणून येतो. पाड्यावरचा भगत आणि संस्कृत पंडित यांची गाठ अशी एका सालीत पडते.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई आणि तिच्याखालचा हा मुलूख पोर्तुगीजांना तोडून दिला. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हा वैद्य लिस्बनहून गोव्यात आला. पुढे मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले. इथल्या औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात पटकीचे इथले नाव त्याने कानाला पडले तसे लिहून ठेवले आहे. त्या पोर्तुगीज अक्षरांतून उमटतो तो शब्द म्हणजे आपली मोडशी! फ्रेंचांनी पुढे त्याचेच ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, करून टाकले. मलुपा नावाच्या एका हिंदू वैद्याचाही ओर्ता नावानिशी उल्लेख करतो, आणि ही गोष्ट छोटी नव्हे. ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता, या आरोपावरून धर्मन्यायालयाने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ तोवर लॅटिनमधून युरोपभर पसरला होता.

वैद्याचे नाव टिकण्याची उदाहरणे त्याहून कितीतरी जुनी आहेत. घोडबंदरच्या दक्षिणेला याच डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. महाराष्ट्रातल्या अशाच बौद्ध लेण्यांत वैद्यांनी दाने दिली. पितळखोऱ्याला मगिल हा राजवैद्य स्वतःचे दान कोरून ठेवतो. त्याची मुलगी दत्ता हिचेही दान तिथे आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत सोमदेव वैद्य दिसतो, आणि त्याचे वडील इसिरखित हेही वैद्यच. दोन हजार वर्षांच्या आसपासचे हे लेख वाचताना वैद्यकी हा घराण्यातून चालणारा, पैसा आणि मान असलेला व्यवसाय होता, हे सहज कळते.

पुण्याच्या एका कारागिराला मात्र हे भाग्य लाभले नाही. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापले गेले. पुण्यात कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले गेले. ही शस्त्रक्रिया इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचा वृत्तांत चित्रासह आला. तो वाचून जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसेच नाक घडवले. कापलेले नाक जोडण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहे; तिथे मात्र कातडी गालाची घेतात. पुण्याचा हात संस्कृत पंडिताचा नव्हता. तो विटा घडवणाऱ्या जातीतला होता, एवढेच वृत्तांत सांगतो. रुग्णाचे नाव जगाला ठाऊक आहे, ज्याने नाक घडवले त्याचे नाही. ही चुटपुट लागून राहते.

पुढचे शतक कारखान्यांचे आणि संस्थांचे. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये पनवेलला धूतपापेश्वर या आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्याचा पाया घातला. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिकला वैद्यसंमेलन भरवले आणि वैद्यांना एका छत्राखाली आणले. वरळीचे पोदार आयुर्वेद महाविद्यालय १९४१ चे. घराघरांतली सहाण मात्र चालूच राहिली: वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड यांचे वेढे मोजून दिलेली बाळगुटी अनेकांनी चाखली आहे.

त्यातल्याच हळदीवर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेही जखम भरण्याच्या गुणावर. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. संस्थेने ते पेटंट आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतले. लढाई जिंकली ती कागदावर, जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुढे ठेवून. आजीची सहाण तिथे पुरावा म्हणून चालली नसती. मग ज्या पाड्यावरचे औषध कुणी लिहूनच ठेवले नाही, त्याचे काय? २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायला सांगितले, ते याचसाठी. अशा नोंदवहीत झाडाशेजारी ते ओळखणाऱ्याचे नावही यायला हवे.

ओळखणे हेच तर अर्धे वैद्यक. करोनाकाळात लोक गुळवेलीचा काढा मनानेच पिऊ लागले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी त्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने उलट विचारले, की प्यालेली वेल गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी? इजा गुळवेलीने झाली का आणि वेल नेमकी कोणती होती, हे दोन्ही प्रश्न प्रयोगशाळेने तपासावेत, आणि तपासताना घोडबंदरमागच्या जंगलातल्या त्या माणसालाही बोलवावे, जो पान आणि खोडावरची साल पाहून वेल कोणती ते सांगतो.