सातासमुद्रापलीकडच्या चार भिंती

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपली वडील मंडळी सांगत आली. ही म्हण रूढ झाली त्या काळी घर गावातच असे, गवंडी ओळखीचा असे आणि पायाच्या दगडापाशी नारळही आपणच फोडलेला असे. आता घर दुबईत, मालक पुण्यात आणि बांधणारा कोण, ते एका गुळगुळीत पुस्तिकेत! म्हणून म्हण काही खोटी ठरत नाही. उलट तिच्यातला 'पाहावे' हा शब्द जरा जोर देऊन उच्चारायची वेळ आली आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. पैशाच्या बाबतीत माझा सल्ला सहसा कोणी विचारीत नाही आणि त्यात लोकांचे शहाणपणच आहे. पण यंदाच्या पावसाळ्यात शेजारचे काका आणि काकू अशीच एक पुस्तिका घेऊन आले. काका बँकेतून निवृत्त झालेले, मुलगा दुबईला नोकरीस. गावची जमीन विकून तिकडे दहा लाख दिरहमचे घर घ्यावे, असा त्यांचा बेत. ''प्रोफेसर, आकडे मला कळतात. शब्द तुम्ही उलगडून सांगा,'' असे काका म्हणाले आणि मी कामाला लागलो.

पहिला शब्द 'फ्रीहोल्ड'. आपल्याकडे मराठेशाहीत मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे कुणबी असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. उपरी हा आज आहे, उद्या नाही. फ्रीहोल्ड ही साधारण मिराशीच्या जातीची वस्तू. दुबईने परदेशी माणसाला ठरावीक भागांत असे घर घेण्याची मुभा २००२ साली दिली आणि २००६ च्या कायद्याने ती पक्की केली. लंडनमधला फ्लॅट मात्र बहुधा 'लीजहोल्ड' असतो, म्हणजे मुदतीचा पट्टा. मुदत ऐंशी वर्षांच्या खाली गेली की अशा घराची किंमत घसरू लागते. तेव्हा लंडनचा एखादा फ्लॅट स्वस्त दिसला, तर आधी पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत ते विचारावे.

आता किमतीचे पाहू. छापलेली किंमत म्हणजे लग्नपत्रिकेवरची वेळ. प्रत्यक्षात गोष्टी पुढे सरकतात! दुबईत नोंदणीचे ४ टक्के आणि दलालीचे सुमारे २ टक्के धरावे लागतात. लंडनचा हिशेब याहून जड. ज्याचे पुण्यात स्वतःचे घर आहे आणि जो इंग्लंडात राहत नाही, त्याने ५ लाख पौंडांचा फ्लॅट घेतला, तर एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी मुद्रांक शुल्कच ५० हजार पौंड होते. म्हणजे किमतीचा दहावा हिस्सा दारातच ठेवायचा!

क्षेत्रफळाचीही तऱ्हा पाहावी. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने 'कार्पेट' म्हणजे काय ते ठरवून दिले. दुबईत बाल्कनीसकट क्षेत्रफळ सांगण्याची रीत आहे. त्यामुळे पुण्याचा चौरस फूट आणि तिकडचा चौरस फूट ही सख्खी भावंडे नव्हेत.

भाड्याचे आकडे पुस्तिकेत सात टक्क्यांनी चमकत होते. काका आणि मी कागद घेऊन बसलो. घर १० लाख दिरहमचे, आठशे चौरस फुटांचे. वर्षाचे भाडे ७० हजार. इमारतीच्या देखभालीचे फुटामागे १५ दिरहम धरले, तर १२ हजार गेले. घर सांभाळणाऱ्याचे पाच टक्के, म्हणजे साडेतीन हजार. एक महिना घर रिकामे राहिले, तर आणखी ५,८०० च्या आसपास. हाती राहिले ४८,७०० च्या घरात, म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत. काकू म्हणाल्या, ''अहो, एवढ्यासाठी जमीन विकायची?''

आता आपल्या बाजूचे नियम. निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. दिरहमचा भाव १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, त्या हिशेबाने हे ९ लाख १८ हजार दिरहम होतात. म्हणजे एकट्या काकांना एका वर्षात हे घर घेताच येत नाही; काकूंना भागीदार करणे भागच. (यावर काकू पहिल्यांदा हसल्या.) शिवाय १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधी कापून घेते. दोघांनी मिळून २ कोटी ४० लाख पाठवले, तर ४४ लाख रुपये वेगळे उभे करायचे. पुढे ते आयकरात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकलेलेच.

ही मर्यादाही अचल नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरत असताना रिझर्व्ह बँकेने ती दोन लाख डॉलरवरून ७५ हजारांवर आणली आणि परदेशी घरासाठी पैसे पाठवणेच बंद केले. घराची बंदी २०१४ साली उठली आणि मर्यादाही हळूहळूच वाढली. त्या दिवसांत ज्याचा हप्ता भरायचा राहिला असेल, त्याची झोप कशी उडाली असेल, याची कल्पना करावी. हप्ता दिरहममध्ये आणि पेन्शन रुपयांत असली, की रुपया पडल्यावर हप्ता आपोआप वाढतो. २०१० साली डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये तो नव्वदीच्या पुढे गेला. घर आधीच घेऊन ठेवणाऱ्याचा यात फायदा झाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आणखी दोन गोष्टी. परदेशातले घर आयकराच्या विवरणपत्रात दाखवावेच लागते. ते लपवणाऱ्याला १० लाख रुपये दंडाची तरतूद २०१५ च्या कायद्यात आहे. दुसरे म्हणजे इच्छापत्र. माणूस गेल्यावर तिकडच्या घराचा निकाल तिकडच्या कायद्याने लागतो. दुबईत मुस्लिमेतरांच्या इच्छापत्रांची खास नोंदणी २०१५ पासून होते. ती वेळीच केलेली बरी.

पण खरी जोखीम पुस्तिकेच्या कुठल्याच पानावर नव्हती. २००८ नंतर दुबईतल्या घरांच्या किमती जवळजवळ निम्म्यावर आल्या. त्याच वेळी तिथल्या नोकऱ्याही गेल्या. हप्त्याचे पैसे तिसऱ्याच्या खात्यात सुरक्षित ठेवण्याचा कायदा तिथे २००७ पासून आहे, त्याने बिल्डरची भीती कमी होते. पण मंदीची कशी होणार? मुलाची नोकरी ज्या शहरात, त्याच शहरात आईबापांची सारी पुंजी ठेवली, तर एकाच वाऱ्याने दोन्ही दिवे विझायचे. मग गावची जमीनही नाही आणि म्हातारपणची पुंजीही नाही.

मी काकांना एवढेच म्हटले, ''पोटच्या पोराजवळ राहायचे असेल तर भाड्याने राहा. गुंतवणूक करायची असेल तर जी बुडाली तरी औषधपाणी थांबणार नाही, तेवढीच रक्कम घाला. ही दोन कारणे एका पिशवीत घालू नका.'' जमीन अजून विकलेली नाही. मुलाकडे तीन महिने राहायचे आणि घर उन्हातान्हात प्रत्यक्ष पाहायचे, असे दोघांचे ठरले आहे.

वाचकहो, परदेशी घर घेऊच नये, असे मला म्हणायचे नाही. ज्याची मिळकत त्या चलनात आहे, वास्तव्य तिथे आहे आणि हाताशी चार पैसे आहेत, त्याने खुशाल घ्यावे. बाकीच्यांनी सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हे घर उद्या विकावे लागले, तर कोणाला, किती दिवसांत आणि कोणत्या भावाने विकता येईल? या तिन्हींची उत्तरे विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून मिळाली, तरच पेन उचलावे.